'सार्वजनिक' या संकल्पनेची मराठी जडणघडण : संस्था, विद्या आणि नागरी जीवन

सारांश

सार्वजनिक संस्था, विद्याप्रसार आणि मानव्यविद्या यांमुळे नागरी जीवन समृद्ध होते, हे विधान शिक्षणक्षेत्रात जवळजवळ स्वयंसिद्ध मानले जाते. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी विचारविश्वाच्या आधारे या विधानाची चिकित्सा केली आहे. लोकहितवादी, म. जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन-कार्यातून 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ कसा विस्तारत गेला, याचा शोध घेऊन, संस्था स्थापन झाल्याने नागरी जीवन आपोआप बळकट होत नाही, तर संस्थेच्या 'सार्वजनिक'पणाची परीक्षा घेण्याची सवय समाजाला लागल्याने ते होते, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : सार्वजनिक, नागरिकत्व, मानव्यविद्या, ग्रंथालय, ग्रंथकार सभा, महाड.

प्रस्तावना

महाविद्यालयांतील कला शाखेच्या भवितव्याची चर्चा आज बहुधा बचावाच्या सुरात केली जाते. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला गेला की आपण 'संस्कार', 'मूल्ये', 'सुजाण नागरिक' अशा शब्दांचा आश्रय घेतो. हे शब्द खोटे नाहीत. परंतु ते इतक्या सहजतेने उच्चारले जातात की त्यांमागील विधान सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, याचा विसर पडतो.

या विषयावरील अलीकडच्या जागतिक चर्चेत मार्था नसबॉम यांच्या 'नॉट फॉर प्रॉफिट' (२०१०) या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. चिकित्सक विचार करण्याची क्षमता, आपल्या गटापलीकडच्या जगाचा विचार करण्याची क्षमता आणि दुसऱ्याच्या स्थितीची कल्पना करण्याची क्षमता या तीन गोष्टी मानव्यविद्यांतून विकसित होतात व लोकशाहीला त्यांची गरज असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रवींद्रनाथ टागोर आणि जॉन ड्युई हे त्यांचे दोन आधार आहेत. हे प्रतिपादन मोलाचे आहे. मात्र त्याचा भर वर्गात काय शिकवले जाते यावर आहे. वर्गाच्या दारापर्यंत कोण पोहोचतो आणि ते दार कोणाच्या पैशाने उभे राहिले, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी नाही. मराठी विचारपरंपरेत मात्र हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी केंद्रस्थानी आला होता. ज्या ड्युईंचा आधार नसबॉम घेतात त्यांचेच एक विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठातून परतल्यावर महाडच्या तळ्यावर गेले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

वाचकांचा समाज आणि त्याची मर्यादा

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले आणि मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांतून सार्वजनिक प्रश्नांची छापील चर्चा होऊ लागली. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली. याच १८४८ साली पुण्यात 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' स्थापन झाली. आज तीच संस्था पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते. तिच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. पत्र, वर्तमानपत्र आणि वाचनालय या तीन गोष्टी एकाच व्यक्तीच्या कार्यात एकत्र याव्यात, हा योगायोग नव्हे. राज्य गेले ते विद्या नव्हती म्हणून, आणि विद्या नव्हती ती केवळ पाठांतराला विद्या समजले म्हणून, अशी लोकहितवादींची मांडणी होती. तिचा व्यावहारिक निष्कर्ष वाचनालय हाच होता.

शतपत्रांचा वाङ्मयप्रकार येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ही पत्रे आहेत, म्हणजे ती कोणाला तरी उद्देशून लिहिलेली आहेत. त्यांतील भाषा सुटसुटीत, बोलीला जवळची आणि प्रसंगी कठोर आहे. शास्त्रार्थाची परिभाषा टाळून राज्यकारभार, जातिव्यवस्था, विधवांची स्थिती, व्यापार, इतकेच नव्हे तर हिंदुस्थानासाठी पार्लमेंटची कल्पनाही ते सामान्य वाचकापुढे ठेवतात. अशा प्रश्नांवर शास्त्री किंवा सरदार यांनीच बोलावे असे नाही, एखाद्या वाचकानेही मत बनवावे, हा या लेखनातील गृहीत विचारच मुळात नागरी स्वरूपाचा आहे. आजच्या परिभाषेत यालाच सार्वजनिक विचारक्षेत्राची निर्मिती म्हणता येईल.

परंतु या वाचकाची सामाजिक ओळख काय होती? लोकहितवादींचा टीकेचा रोख ब्राह्मणवर्गावर होता आणि त्यांचा वाचकही मुख्यतः त्याच वर्गातला होता. आपल्याच वर्गाला इतक्या निर्भयपणे फटकारणारा लेखक दुर्मीळ, हे मान्य करूनही, ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांपैकी बहुसंख्य लोक या संभाषणात सहभागी नव्हते, हे नमूद करणे भाग आहे. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ साली युरोपीय सार्वजनिक क्षेत्राचे जे विवेचन केले त्यावर पुढे नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये असाच आक्षेप घेतला : सर्वांसाठी खुले म्हणवणारे क्षेत्र प्रत्यक्षात स्त्रिया व श्रमिक यांना वगळूनच उभे होते. मराठीत या आक्षेपासाठी इतकी वाट पाहावी लागली नाही. शतपत्रे लिहिली जात असतानाच, १८४८ मध्येच, पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. वाचनालय आणि मुलींची शाळा या एकाच शहरातील एकाच वर्षीच्या दोन संस्था होत. पहिली संस्था असलेल्या वाचकांची सोय करीत होती, तर दुसरी नसलेला वाचक घडवू पाहत होती. नागरी जीवनाच्या इतिहासात या दोन्हींची नोंद एकत्र व्हायला हवी.

प्रतिनिधित्वाची कसोटी

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. ग. वा. जोशी यांना तर या सभेमुळे 'सार्वजनिक काका' हेच नाव पडले. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयीच्या तक्रारींतून या संस्थेचा उगम झाला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नसते. एका देवस्थानाचा हिशेब कोणी आणि कोणाला द्यावा, या साध्या प्रश्नातून राजकीय संस्था जन्माला आली. सभेच्या घटनेत एक विलक्षण तरतूद होती. सभासद होणाऱ्याने किमान पन्नास व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा अधिकार दूर असलेल्या काळात, 'आम्ही लोकांच्या वतीने बोलतो' या दाव्याला कागदी पुरावा असावा, अशी ही अपेक्षा होती. १८७६ नंतरच्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. न्या. म. गो. रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला (१८७५) आणि पहिले ग्रंथकार संमेलन (१८७८) हे उपक्रमही याच दशकात सुरू झाले. माहिती, व्याख्यान, ग्रंथ आणि अर्ज या चार साधनांनी नागरी जीवन घडवण्याचा हा सुसंगत कार्यक्रम होता.

१८८५ साली दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना आले. त्यांनी ते पत्राने नाकारले. 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालेले हे पत्र आकाराने लहान आहे. परंतु मराठी साहित्यसमीक्षेच्या इतिहासात त्याला मोठे स्थान द्यावे लागेल. त्याचा आशय असा की, जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क उघडपणे व कृतीने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही. आमचे विचार व आमची दुःखे त्यांच्या ग्रंथांत येणार नाहीत.

या नकाराचे वाचन बहुधा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या चौकटीत केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. फुल्यांनी येथे ग्रंथाला विरोध केलेला नाही. ते स्वतः ग्रंथकार होते. संस्थेलाही त्यांचा विरोध नव्हता, कारण १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. त्यांचा आक्षेप क्रमाविषयी होता. आधी साहित्याची उन्नती, मग त्यातून हळूहळू समाजाची उन्नती, हा क्रम त्यांना अमान्य होता. समान हक्काची कबुली ही साहित्यव्यवहाराची फलश्रुती नसून पूर्वअट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मानव्यविद्यांमुळे नागरी जीवन सुधारते, या आपल्या आवडत्या विधानाला मराठीत मिळालेले हे सर्वांत गंभीर उत्तर आहे. कला शाखेची बाजू मांडताना ते टाळून पुढे जाता येत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेल्या निवेदनातही हाच विचार अर्थकारणाच्या भाषेत येतो. सरकारी तिजोरीत येणारा पैसा शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि तो उच्च शिक्षणाच्या रूपाने वरिष्ठ वर्गावर खर्च होतो, असे दाखवून त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. विद्यापीठीय शिक्षणातून ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी नाकारला. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध झाले. सार्वजनिक चर्चेत स्त्रीविषयी बोलणारे पुरुष होते. ताराबाईंनी त्या चर्चेलाच उलट प्रश्न विचारला. फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या शीर्षकात 'सार्वजनिक' हा शब्द यावा, यातही संगती दिसते. सभेने 'सार्वजनिक' हा शब्द प्रतिनिधित्वाच्या अर्थाने रूढ केला होता. फुल्यांनी त्याला 'सर्व स्त्रीपुरुषांचा' हा अर्थ दिला.

महाड : शब्दाचा कायदेशीर अर्थ

१८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो त्यांचा खाजगी हौद होता. त्यामुळे निर्णय त्यांच्या हाती होता. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा राखलेल्या पाणवठ्याचे काय, हा प्रश्न त्यानंतर अर्ध्या शतकाने कायदेमंडळात आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव आणि पाणी यांत अंतर राहिलेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. त्यानंतर झालेले हल्ले, नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव मागे घेणे, डिसेंबरमधील न्यायालयीन मनाई आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन हा क्रम परिचित आहे.

त्यामानाने दुर्लक्षित राहिला आहे तो पुढील दहा वर्षांचा न्यायालयीन वाद. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची आपली रूढी अनादिकालापासून चालत आलेली आहे, असा वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. येथे निर्णायक ठरला तो इतिहासाच्या पुराव्याचा प्रश्न. 'पूर्वापार' या शब्दाचा अर्थ काय, किती जुने म्हणजे अनादि, ते सिद्ध कसे करायचे, हे प्रश्न विधिशास्त्राचे आहेत तितकेच इतिहासाचे आणि भाषेचेही आहेत. मानव्यविद्यांचा नागरी उपयोग कोठे दिसतो, असे कोणी विचारले तर हे उदाहरण पुढे करता येईल. रूढीला पुरावा मागण्याची क्षमता ही मानव्यविद्यांनी नागरिकाला दिलेली ठोस देणगी आहे.

तथापि येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तळ्यावर जाण्यास विरोध करणाऱ्यांत आणि न्यायालयात रूढीचा दावा मांडणाऱ्यांत साक्षर, प्रतिष्ठित मंडळी होती. साक्षरता, वाचन आणि सार्वजनिक संस्थेचे सभासदत्व यांमुळे माणूस नागरी वृत्तीचा होतोच असे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. नगरपालिका ही संस्थाही तिचा ठराव करते आणि दबाव येताच तो मागे घेते. म्हणजे संस्था हे नागरी जीवनाचे साधन आहे, हमी नव्हे.

असे असूनही आंबेडकरांनी संस्थेचा मार्ग सोडला नाही, हे विशेष महत्त्वाचे आहे. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये व अभ्यासवर्ग यांचा समावेश होता. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेली सार्वजनिक ठिकाणे यांचा जो निर्देश आहे, त्यात बोले ठरावाचा आणि महाडचा अनुभव ऐकू येतो. 'सार्वजनिक' या शब्दाने १८७० मध्ये सभेच्या नावातून सुरुवात केली आणि १९५० मध्ये तो मूलभूत हक्काच्या व्याख्येत जाऊन बसला.

स्वातंत्र्योत्तर संस्था : उपलब्धी आणि उणिवा

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात या परंपरेला शासकीय अधिष्ठान लाभले. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची चौकट दिली. मात्र मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालय कराची तरतूद आपल्या कायद्यात नाही. ही केवळ वित्तीय बाब नाही. ज्या संस्थेसाठी नागरिक थोडा का होईना कर देतो, तिच्याकडे हिशेब मागण्याची त्याची वृत्ती वेगळी असते. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचा चेहरा मात्र वाचकाऐवजी तपासणी अधिकाऱ्याकडे वळतो. 'शासनमान्य' ही पाटी असलेली अनेक वाचनालये प्रत्यक्षात वर्तमानपत्रांच्या खोल्या होऊन राहिली, याचे एक कारण येथे शोधता येईल.

तरीही निराशाजनक निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. फुल्यांनी ज्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले, तिच्याच परंपरेतील साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून १९७५ मध्ये कऱ्हाड येथे अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या काळात लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पुढे त्यांना कारावासही सोसावा लागला. दुसरीकडे, फुल्यांच्या नकाराचा वारसा सांगणारी स्वतंत्र व्यासपीठे उभी राहिली. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढच्या दशकात तत्कालीन औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर) गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' निघू लागले. एका संस्थेतील सभासदाचे धैर्य आणि संस्थेबाहेर राहिलेल्यांची नवी संस्था, या दोन्ही वाटांनी नागरी जीवन पुढे गेले आहे. मुख्य प्रवाहातील संस्थांचा इतिहास लिहिताना दुसरी वाट पुरवणीत टाकण्याची आपली सवय म्हणूनच तपासून घेतली पाहिजे.

महाविद्यालयाची भूमिका

वरील विवेचनातून सार्वजनिक संस्थेच्या तीन कसोट्या हाती येतात. संस्थेत प्रवेश कोणाला आहे, ही पहिली. आत आलेल्याला प्रश्न विचारण्याचा व उत्तर मिळवण्याचा अधिकार आहे का, ही दुसरी. आणि संस्थेचे दप्तर, म्हणजे तिचे ठराव, हिशेब व इतिहास, लोकांना वाचता येते का, ही तिसरी. पहिल्या कसोटीवर आपण गेल्या शतकात बरेच अंतर कापले आहे. आज ग्रामीण महाविद्यालयाच्या कला शाखेत प्रथम पिढीचे विद्यार्थी, त्यांतही मुली, मोठ्या संख्येने दिसतात. परंतु नेमक्या याच वेळी कला शाखा निरुपयोगी असल्याची भाषा सुरू व्हावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्या विद्येच्या बळावर एका वर्गाने सभा, वृत्तपत्रे आणि कायदेमंडळे चालवली, ती विद्या दुसऱ्या वर्गाच्या दारी येताच तिचे मोल घटले, असे तर नाही?

दुसरी व तिसरी कसोटी मात्र आपल्या अध्यापनाशी थेट निगडित आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. त्याआधी १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले होते. हक्क आले, परंतु इतिवृत्त वाचून त्यातील गाळलेली जागा ओळखणे, शासकीय मराठीतील संदिग्ध वाक्याचा अर्थ लावणे, 'पूर्वापार' अशा शब्दाला पुरावा मागणे, ही कौशल्ये कायद्याबरोबर येत नाहीत. ती भाषेच्या आणि इतिहासाच्या वर्गातच मिळू शकतात. पदवीच्या अखेरच्या वर्षातील मराठीच्या विद्यार्थ्याला कवितेतील प्रतिमा उलगडता येते, पण ग्रामपंचायतीच्या ठरावातील कर्मणी प्रयोगामागे दडलेला कर्ता शोधता येत नाही, अशी स्थिती असेल, तर दोष कवितेचा नाही. दोन्हीकडे लागणारी बारकाईने वाचण्याची शक्ती एकच आहे, हे आपण त्याला सांगितलेले नाही.

यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या वाचनालयाचे जुने इतिवृत्त, नगरपालिकेचे ठराव, बंद पडलेल्या व्याख्यानमालांची पत्रके हे प्रकल्पलेखनाचे विषय होऊ शकतात. त्या वाचनालयाची पहिली सभासद स्त्री कोण, कोणत्या वर्षापर्यंत कोणत्या वस्तीतील नावे नोंदवहीत दिसत नाहीत, असे प्रश्न विद्यार्थ्याने विचारावेत. मिळालेली उत्तरे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावीत. यातून एखादी अप्रिय गोष्ट बाहेर आली तर ती झाकू नये. सार्वजनिक सभेने मुखत्यारपत्रे मागितली, फुल्यांनी पूर्वअट मागितली, आंबेडकरांनी पुरावा मागितला. आपल्या विद्यार्थ्याने निदान नोंदवही मागावी.

समारोप

सार्वजनिक संस्था, विद्या आणि मानव्यविद्या यांमुळे नागरी जीवन बळकट होते, हे विधान मराठी इतिहासाच्या कसोटीवर अंशतः टिकते. वाचनालये, सभा, व्याख्यानमाला व संमेलने यांनी मत बनवण्याची आणि ते जाहीरपणे मांडण्याची रीत घालून दिली, हे निर्विवाद आहे. परंतु याच संस्थांनी अनेकांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, आणि नागरी जीवनाची खरी प्रगती झाली ती दाराबाहेरच्यांनी 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा. म्हणून मानव्यविद्यांची बाजू मांडताना 'आम्ही संस्कार करतो' असे म्हणण्यापेक्षा 'आम्ही शब्दाचा अर्थ विचारायला शिकवतो' असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. अर्थात, हा प्रश्न विद्यार्थी सर्वप्रथम आपल्याच महाविद्यालयाला विचारतील. त्यांच्या प्रवेशयाद्या, ग्रंथालयाच्या वेळा, निर्णयांची इतिवृत्ते या साऱ्याविषयी विचारतील. त्याला उत्तर देण्याची आपली तयारी असेल, तरच फुल्यांच्या १८८५ च्या पत्राला, उशिरा का होईना, महाविद्यालयांकडून काही उत्तर दिले गेले असे म्हणता येईल.